दुसरा ब्रेक

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनवर मी फक्त "बरी आहे" म्हणते आणि ठेवून देते, अशी तुझी तक्रार आहे. म्हणून हे पत्र. शिवाय मला तुझ्याकडे काही मागायचं आहे, आणि मागायचं असलं की बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं. खोडता येतं.

इथे फिल्मच्या वर्गात सगळी मुलं शाळेतून आलेली आहेत. हात कधी वर करायचा, सरांनी चेष्टा केली तर हसायचं की गप्प बसायचं, हे त्यांना न सांगता कळतं. माझी शाळा म्हणजे आपलं स्वयंपाकघरातलं टेबल. गणिताला बाबा, भाषेला आई आणि उरलेल्या सगळ्या जगाला तू. पहिल्या दिवशी सरांनी "काही शंका?" असं विचारलं, तर मी खरोखर उभी राहून सगळ्या शंका सांगितल्या. वर्ग अजून विसरलेला नाही.

पहिला अभ्यास होता बाजारातल्या एका माणसावर छोटीशी फिल्म करायचा. मी चाव्या बनवणाऱ्यावर केली. सरांनी ती पाहिली आणि म्हणाले, "हा कॅमेरा आहे की माशी? बस ना बाई कुठेतरी." त्यांचं खरं होतं. चावीवर थांबले तर हात सुटतील, हातावर थांबले तर चेहरा सुटेल, अशी मला सारखी धास्ती. त्या धास्तीपायी सगळंच सुटलं.

आता सत्राची मोठी फिल्म करायची आहे. विषय एकच, काम करणारा माणूस. मला तुझ्यावर करायची आहे. तुझी शिकवणीची गाडी, तू शेजारी बसलेली आणि कोणीतरी स्टिअरिंगला घट्ट धरून बसलेलं. आपल्याकडे संध्याकाळी प्रत्येकाने दिवसात पाहिलेली एक गोष्ट सांगायची असे, आणि मी "पोस्टमन रागावला होता" म्हटलं की तू विचारायचीस, "पाहिलंस की वाटलं?" मग मला सांगावं लागे की त्याने आपलं फाटक लाथेने लावलं. कॅमेऱ्याने मला तेवढंच करायचं आहे. माझ्याबरोबर आवाजाचं काम करणारा वर्गातला एक मुलगा येईल. उंचीमुळे सगळे त्याला बांबू म्हणतात, तोही स्वतःला तेच म्हणतो.

नाही म्हणालीस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी तसं दाखवणार नाही.

तुझी,
खोडरबर


९ फेब्रुवारी

खोडरबर,

"येऊ का" या दोन शब्दांवर तू इतकं खोडलंयस की कागदाला भोक पडलं. ये.

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक खूश आहेत. त्यांना वाटतंय फुकटात जाहिरात होणार. मी म्हटलं, आमची पोर जाहिरात करायला लागली तर पहिल्या वाक्यात तुमच्या गाडीचा मागचा दिवा बंद आहे हे सांगेल.

माझ्या अटी ऐक. मागच्या सीटवर तोंड मिटून बसायचं. शिकणारा माणूस गांगरला तर कॅमेरा बंद. आणि मी मुलाखत देणार नाही. मी बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटतं आपण अजून गाडीतच आहोत.

शिकणाऱ्यांपैकी तुला ग्रंथपालबाई देते. त्यांना विचारलंय, त्या हो म्हणाल्यात. इथल्या वाचनालयाची एक पुस्तकांची व्हॅन आहे, टेकडीपलीकडच्या वस्त्यांना फिरायची. तिचा ड्रायव्हर निवृत्त झाला. मंडळाचं म्हणणं, नवा माणूस परवडत नाही, एप्रिल उजाडेपर्यंत चालवणारं कोणी मिळालं नाही तर व्हॅन विकून टाकू. तर या बाई स्वतःच शिकायला आल्या. वय विचारू नकोस. रस्ता बघायला एक चष्मा लागतो आणि आरसा बघायला दुसरा.

त्यांची एकच अडचण आहे. गाडीपुढे काही आडवं आलं की त्या दोन्ही पाय वर उचलतात, दोन्ही हात सोडतात आणि डोळे मिटतात. थंड पाण्यात ढकलल्यासारखं. मग ब्रेक मला मारावा लागतो.

माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, आठवतो ना? लहानपणी त्यावर नाचली होतीस आणि बोलणी खाल्ली होतीस. आतून दोन्ही ब्रेक एका सळईने जोडलेले आहेत. मी दाबला की शिकणाऱ्याचाही खाली जातो, त्याने दाबला की माझाही जातो. जुन्या नवराबायकोसारखं. इतकी वर्षं माझा उजवा पाय त्याच्यावर नुसता तरंगतोय. चांभार म्हणतो, तुमचे बूट एकाच पायाने झिजतात.

परीक्षेला कोणाला पाठवायचं ते मी ठरवते. त्याला माझा नियम एकच. आडवं आलेलं काहीतरी त्या माणसाने स्वतःच्या पायाने थांबवलेलं मला दिसलं पाहिजे. बाकी सगळं शिकवता येतं.

बांबूला सांग, आमची गाडी लहान आहे. घडी घालून यावं.

आत्या


२७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

वसतिगृहात पोचल्याचं कळवलं होतं, पण नीट लिहायला आज वेळ मिळाला. गेला आठवडाभर आम्ही फुटेज बघतोय.

आधी वाईट ते सांगते. पहिल्या दिवसाचं सगळं वाया गेलं. समोरून ऊन येत होतं आणि मी काचेकडे तोंड करून कॅमेरा धरला होता. तू आणि ग्रंथपालबाई म्हणजे नुसती दोन काळी मडकी शेजारी शेजारी ठेवलेली. त्यानंतर मी उजेड आधी बघायला शिकले. दुसरं म्हणजे इंडिकेटरची टिकटिक. बोलण्याच्या मध्ये कापलं की टिकटिक अडखळते आणि कापल्याचं लगेच कळतं. बांबूने मला टिकटिकीच्या ठोक्यावर कापायला शिकवलं. सर म्हणतात, कट आधी कानाला पटला पाहिजे, डोळा मागून येतो. हे मला फार आवडलं. मी आता जेवताना चमच्यांचे आवाजसुद्धा कापते. मनातल्या मनात.

आता चांगलं. तुझ्या पायांशी डॅशबोर्डखाली चिकटवलेला तो छोटा कॅमेरा आठवतो? तो तिथे ठेवला कारण दुसरीकडे जागाच नव्हती. आता सगळ्यात चांगलं तेच निघालंय. तुझ्या दाराचं खालचं रबर निघालंय ना, त्या फटीतून उजेडाची एक रेघ आत येते, आणि त्या रेघेवर तुझा पांढऱ्या काठाचा कॅनव्हासचा बूट. वर तुझा आवाज, "हं, आरसा बघा. घाई नाही. मागचा वाजवतोय तो वाजवू दे, त्याला वाजवायचा छंद आहे." आवाज असा की खाटेवर पडून बोलतेयस. आणि खाली पाय. पेडलच्या वर अगदी थोडा, टेकत नाही आणि सरतही नाही. रस्त्यावर कुत्रं दिसलं की तो किंचित खाली येतो, कुत्रं गेलं की परत वर. तुझ्या चेहऱ्यावर यातलं काहीच नसतं.

आत्या, मी आयुष्यभर तुझ्याजवळ बसून शिकले आणि मला वाटायचं तू निर्धास्त आहेस. तू माझ्याइतकीच घाबरट आहेस. फक्त तू ते पायात ठेवतेस. हे कळल्यावर मला तू आणखी मोठी वाटलीस, लहान नाही. तो शॉट मी जराही न हलवता पूर्ण लांबीचा लावलाय. सर म्हणाले, "माशी बसली एकदाची."

ग्रंथपालबाईंची मुलाखतही सुंदर झाली. वाचनालयाच्या पायरीवर बसून त्या शेवटच्या दिवशीचं सांगतात. छापखान्याच्या वळणावर तो माणूस शिडी खांद्यावर घेऊन मागे न बघता आडवा आला, तेव्हाचं. "मी ब्रेक मारला. मीच मारला. गाडी थांबली तेव्हा माझे हात स्टिअरिंगवरच होते, म्हणून मला कळलं की मी घाबरले नाही." हे सांगताना त्या दोन्ही चष्मे काढतात. गाडी थांबली तेव्हा नेमका माझा मोठा कॅमेरा बांबूच्या गुडघ्यावर आदळला आणि त्यात फक्त गाडीचं छत आलंय, पण हरकत नाही. त्यांचा आवाज पुरे आहे.

म्हणजे तुझा नियम पुरा झाला. त्यांची परीक्षा कधी आहे?

तुझी,
खोडरबर


५ मार्च

खोडरबर,

पायाबद्दल एवढं लिहिलंस, आता बूट धुवावे लागणार.

परीक्षेचं अजून ठरलेलं नाही. बघू.

माझं एक ऐकशील? शिडीचा प्रसंग फिल्ममध्ये घेऊ नकोस. त्यांचं बाकी सगळं घे. वाचनालय घे, पायरी घे, चष्मे घे. एवढं वगळ.

दादाला, तुझ्या बाबाला, तू फोनवर सांग, गुडघ्याला तेल लावत जा. मी सांगून लावत नाही, आणि मग जिन्यावरून हाका मारतो.

आत्या


११ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र आल्यावर मी शिडीचा प्रसंग बाजूला काढला. कारण विचारलं नाही. पण सरांना रफ कट, म्हणजे कच्ची जुळणी, दाखवायची होती, आणि त्यांनी विचारलं, "मुलाखतीत ही ज्याबद्दल बोलते ते कुठे आहे?" मी म्हटलं, मोठ्या कॅमेऱ्यात छत आहे. ते म्हणाले, "आणि छोट्यात?"

छोट्यातलं त्या वेळचं मी अजून पाहिलंच नव्हतं. सगळ्यांसमोर लावलं.

तुझा पाय पेडलवर तरंगतोय. वर ग्रंथपालबाईंचा श्वास ऐकू येतो. मग पेडल आणि बूट दोन्ही खाली जातात आणि गाडी थांबते. मग त्या विचारतात, "मी थांबवली ना?" आणि तुझा आवाज येतो, "छान." तेवढाच.

सरांनी त्यावर मुलाखतीचा आवाज ठेवायला सांगितलं. "मी ब्रेक मारला. मीच मारला." आणि खाली तुझा बूट, दाबलेला. सर म्हणाले, "हाच तुझा चित्रपट. वरून एक शब्द बोलू नकोस. नुसतं असंच लाव." बाहेर पडताना जी मुलं मला "शंका" म्हणून हाक मारतात, त्यांतल्या एकीने माझा हात धरला आणि म्हणाली, "काय पकडलंयस." या वर्गात मला मिळालेलं हे पहिलं कौतुक. खोटं का सांगू, जिना उतरेपर्यंत मी हवेत होते.

मग खाली आल्यावर कळलं की मी काय पकडलंय. त्या बाईंना ज्या एका गोष्टीने सरळ बसायला शिकवलं, ती गोष्ट घडलीच नव्हती. आणि ते त्यांना माझ्या फिल्ममधून, लोकांमध्ये बसून कळणार.

तू म्हणूनच ते वगळायला सांगितलंस ना? तू त्यांना तसं समजू दिलंस. रागाने विचारत नाही. माझ्या मनात तुझ्याबद्दल आदरच आहे, पण आता तो कुठे ठेवावा ते कळत नाही. आपल्या घरात पाहिलेलं सांगायचं आणि वाटलेलं गिळायचं, हे तूच शिकवलंस. आता मी पाहिलंय. दाखवलं तर त्या मोडतील आणि नाही दाखवलं तर मी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं असं होईल. मला दोन्ही नको आहे. मी काय करू ते सांग. नुसतं "बघू" लिहू नकोस.

तुझी,
खोडरबर


१५ मार्च

खोडरबर,

बघू नाही लिहीत.

हो, ब्रेक मी मारला. शिडी दिसली आणि मला वाटलं आता ह्या पाय उचलणार. पाय माझ्या आधी गेला, नेहमी जातो तसा. पेडल बुटाखाली तळाला लागलेलं मला कळलं. मग मी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे डोळे उघडे होते. म्हणाल्या, "मी थांबवली ना?" आता सांग, तू काय म्हणाली असतीस? मी "छान" म्हणाले. "हो" म्हणाले नाही, पण ते ऐकणाऱ्याला सारखंच.

वाटलं, दोन दिवसांत दुसरं काही आडवं येईल, त्या खरंच थांबवतील आणि माझं खोटं आपोआप खरं होईल. पण रस्ता असा आज्ञाधारक झालाय की मांजरसुद्धा उजवीकडे-डावीकडे बघून जातं. आणि त्या तेव्हापासून काय सुरेख चालवतात. पाठ ताठ, वळणावर मला गाण्याबद्दल विचारतात. ज्या पायाने त्यांना धीर दिला तो माझा होता, एवढंच. माझ्या पायाच्या भरवशावर मी त्यांना टेकडीच्या रस्त्यावर पुस्तकांसकट सोडू शकत नाही. म्हणून अर्ज टेबलावर पडून आहे. त्या विचारतात, मी सांगते मालक बाहेरगावी आहेत. मालक समोर बसून शेंगदाणे खात असतात.

मार्च अर्धा सरला. या शनिवारी शिकवणीनंतर त्यांना सांगून टाकणार आहे. त्यांना तुझ्या पडद्यावर कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळावं. त्या परत गाडीत बसल्या तर उत्तम. नाही बसल्या तर व्हॅन जाईल, आणि ते माझ्यामुळे असेल.

तू तुझं काम कर. पाहिलंस ते दाखव. त्या "शंका" म्हणणाऱ्या पोरांना म्हणावं, आमच्याकडे शंका येणं पास होण्याची खूण आहे.

आत्या


१८ मार्च

आत्या,

शनिवारी सांगू नकोस. हे आधी वाच. फोन केला होता, तू गाडीत असणार, बंद होता. म्हणून कुरिअरने पाठवतेय, सोबत पेन ड्राइव्ह आहे. मालकांच्या कॉम्प्युटरवर लाव. शेंगदाण्याची टरफलं झटकून.

झालं असं. सर म्हणाले, पायाचा शॉट ढिला आहे, तुझी आत्या दाबायला सुरुवात करते नेमक्या त्याच फ्रेमला काप. व्हिडिओ एकेक चित्र करून पुढे सरकवता येतो, माळेचा मणी ओढावा तसा. मी तुझा पाय दाबायला लागतो ते चित्र शोधायला बसले. ते मला सापडेना.

मी पुन्हा मागे गेले. दाराच्या फटीतली ती उजेडाची रेघ आहे ना, ती तुझ्या बुटाचा पांढरा काठ आणि पेडल यांच्यामधून दिसते. आधी ती अगदी बारीक आहे. मग पेडल खाली जायला लागतं. बूट आहे तिथेच आहे. रेघ रुंद होते. पुढच्या चित्रात आणखी रुंद. मग तुझा बूट निघतो, पेडलच्या मागे. तो पोचतो तेव्हा पेडल तळाला जाऊन बसलेलं असतं.

मी स्वतःला विचारलं, पाहिलंस की वाटलं? मला तर हेच दिसायला हवं होतं, म्हणून माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना. बांबूला बोलावलं. त्याला काही सांगितलं नाही. "नुसतं काय दिसतंय ते बोल," म्हटलं. तो म्हणाला, "पेडल पळतंय आणि बूट त्याला धरायला धावतोय." मग त्याने आपण होऊन आवाज तपासला. टायर घासल्याचा आवाज तुझा बूट टेकण्याआधी सुरू होतो.

दोन्ही ब्रेक एका सळईने जोडलेले आहेत, तूच लिहिलं होतंस. मी वाचलं आणि विसरले. त्यांनी दाबला म्हणून तुझा खाली गेला. आत्या, तू ब्रेक दाबला नाहीस. तू दाबलेल्या ब्रेकवर पाय ठेवलास.

मी सरांना सांगितलं की तो कट मी लावणार नाही, कारण शॉट खरा आहे आणि त्यावर तो आवाज ठेवला की खोटं तयार होतं. मला वाटलं ते रागावतील. त्यांनी चित्रं एकेक करून स्वतः पाहिली, बराच वेळ. मग खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "मी हे पाहिलं नव्हतं. आता तू मला दाखव, काय करायचं ठरवलंयस." वर्गात कोणी कोणाला असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आपल्या टेबलावर ऐकलं होतं.

आता घाबरत घाबरत एक लिहिते, खोडणार नाही. तुला वाटलं. तू पाहिलं नव्हतंस.

तुझी,
खोडरबर


२४ मार्च

माझ्या पोरी,

कुरिअर शनिवारी सकाळी आलं. मी गाडीची किल्ली घेऊन निघालेच होते.

मालक, मी आणि हिशेब लिहिणारा असे तिघे त्या पडद्यापुढे बसलो. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. पहिल्यांदा मला काही दिसलं नाही, माझा पाय दाबतोय असंच दिसलं. मग तू सांगितल्यासारखं एकेक चित्र ओढलं आणि ती रेघ रुंद झालेली दिसली. मालक म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही तुम्हाला नुसतं बसायचा पगार देतोय." मी हसले नाही. मी माझ्या पायाकडे बघत होते. इतका विश्वासू पाय, आणि त्याने मला सरळ खोटं सांगितलं. पेडल बुटाला लागलं एवढंच खरं होतं. कोणी नेलं ते पायाला कळत नाही, आणि मी त्याला कधी विचारलंच नाही. तुला मात्र लहानपणी रोज विचारलं.

ग्रंथपालबाई आल्या. मी त्यांना काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. फक्त माझी सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे ढकलली. तिथून माझा पाय ब्रेकपर्यंत पोचत नाही. हात हँडब्रेकपाशी ठेवला, तेवढी शूर मी नाही. त्यांनी विचारलं, "आज इतक्या मागे?" म्हटलं, गुडघा आखडतो. घराण्याचा रोग आहे.

छापखान्याच्या वळणावर एक मुलगी चेंडूमागे धावत आली. मी सांगायलासुद्धा तोंड उघडलं नव्हतं. गाडी थांबली होती. चेंडू उचलून मुलगी गेली, तर या खिडकीतून तिला म्हणतात, "सावकाश, बाळा." वाचनालयात म्हणतात त्याच आवाजात.

परत आल्यावर मी अर्जावर सही केली. मालक बाहेरगावाहून परतले असं सांगितलं.

तू म्हणालीस मी पायात भीती ठेवते. तू डोळ्यांत ठेवतेस. त्यामुळे जे कोणी परत बघत नाही ते तू परत बघतेस. हे मी तुला शिकवलं असं दादा म्हणतो. मी फक्त प्रश्न शिकवला होता. तो माझ्यावर उलटा लावायचं धाडस तुझं तू शिकलीस. ते पत्र मी जपून ठेवलंय, त्यात एकही खाडाखोड नाही.

आत्या


१६ एप्रिल

प्रिय आत्या,

ग्रंथपालबाई मार्च संपायच्या आत पास झाल्या आणि व्हॅन विकायची टळली, असं बाबांनी फोनवर सांगितलं. मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन एकटीच हसले. बांबूने आनंदाने दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं.

फिल्म तयार आहे. पुढच्या रविवारी दुपारी आमच्या कॉलेजच्या सभागृहात दाखवणार आहेत. ग्रंथपालबाईंना मी फोन करून शिडीचा प्रसंग त्यात आहे हे सांगितलं आणि ठेवू का विचारलं. त्या म्हणाल्या, "न ठेवायला काय झालं?" तुम्ही दोघी आलात तर पुढच्या रांगेत जागा ठेवते.

शिडीचा प्रसंग असा लावलाय. आधी तुझा तरंगता पाय, बराच वेळ, टिकटिकीसकट. मग टायरचा आवाज, आणि नंतर तेच पुन्हा, अगदी सावकाश. उजेडाची रेघ रुंद होत जाते आणि त्यावर काहीही नाही, आवाज नाही, बोलणं नाही. बांबू म्हणाला, इतकी शांतता लोकांना सोसणार नाही. मी म्हटलं, थांबून बघतील त्यांना दिसेल. त्यानंतर ग्रंथपालबाई पायरीवर, "मी ब्रेक मारला." आणि तिथेच संपते.

कॅमेरा कुठेही हललेला नाही. तुला हे सांगायचं होतं.

तुझी,
खोडरबर


२९ एप्रिल

खोडरबर,

आम्ही सुखरूप पोचलो. घाईत निघालो, तुझ्याशी धड बोलता आलं नाही. तुझ्याभोवती गर्दी होती आणि तू प्रत्येकाच्या प्रश्नाला पूर्ण उत्तर देत होतीस, शेवटी आम्हीच पाय काढला. तुझे सर दारापर्यंत आले. मला म्हणाले, "तुमच्या टेबलावर आणखी जागा आहे का? मला शिकायचंय." मी म्हटलं, आहे, पण जेवणानंतर भांडी घासावी लागतात.

फिल्मबद्दल मी मोठं काही लिहिणार नाही. दिवे लागले तेव्हा मी माझ्या बुटांकडे बघत होते. त्या अंधारातल्या शांततेत कोणीतरी मागून हळूच "अरे" म्हणालं, मग आणखी एकाने. एकेकाला दिसत गेलं. दादा शेजारी बसून नाक शिंकरत होता, सर्दी झाली म्हणाला.

येताना आम्ही पुस्तकांच्या व्हॅननेच आलो. ग्रंथपालबाईंनी चालवली. घाट, उतार, समोरून ट्रक, सगळं झालं. त्या व्हॅनमध्ये माझ्या बाजूला ब्रेक नाही. माझा पाय सुरुवातीला जमीन चाचपत राहिला, मग दमला.

घाट उतरल्यावर त्या म्हणाल्या, "फिल्म सुरेख केलीय हो पोरीने. पण ते पायाचं एवढा वेळ कशाला दाखवलं? ब्रेक मी मारला हे मी त्याच दिवशी सांगितलं होतं की."

मी म्हटलं, "ते माझ्यासाठी होतं. माझा तुमच्यावर विश्वास बसला नव्हता."

"वाटलंच होतं मला."

सवयीने तोंडातून गेलं, "वाटलं की पाहिलंत?"

त्यांनी आरसा पाहिला, गिअर बदलला. मग म्हणाल्या, "पाहिलं. शिडीनंतर रोज तुमचा पाय पेडलच्या आणखी जवळ असायचा. चेंडूच्या दिवशी तुम्ही सीट मागे घेतलीत. गुडघा म्हणालात, पण अर्जावर सही करून ऑफिसचा जिना तर पटापट उतरलात."

पायाशी पुस्तकांची खोकी होती, पाय ठेवायला तशीही जागा नव्हती. घर येईपर्यंत दोन्ही पाय वर घेऊन बसले, ग्रंथपालबाई पहिल्या दिवसांत उचलायच्या तसे. डोळे तेवढे उघडे होते.

आत्या